मांड पक्की म्हणजे मांडी आवळलेली नव्हे

पत्र

काका, मी आटपाडी तालुक्यातला डाळिंबाचा शेतकरी, वय ३८. दोन वर्षांपूर्वी अकलूजच्या घोडेबाजारातून काठेवाडी घोडी आणली. तिचं नाव चंद्री, वय सात. डॉक्टरांच्या अंदाजानं तिचं वजन ३४० किलोच्या आसपास आहे, माझं ७२. पहिलं वर्ष छान गेलं. रोज सकाळी तिच्यावर बसून बागेला चक्कर मारायचो. गेल्या पावसाळ्यात दुडक्या चालीनं पळताना ती बुजली आणि मी पडलो. फार लागलं नाही, पण तेव्हापासून सगळं बिघडलं. मी खोगीर घेऊन आलो की ती कान मागे पाडते, पोटाखालून खोगिराचा तंग आवळताना चावायला येते. रिकिबीत पाय टाकला की पाठ खाली दाबून पुढे सरकते. दुडकीला लागलं की मान वर फेकते आणि डावीकडे वळायला तर तयारच नसते. डॉक्टरांनी दात, पाय, पोट सगळं तपासलं, आजार काही नाही. गंमत म्हणजे माझी नऊ वर्षांची मुलगी खोगिराशिवाय तिच्या पाठीवर बसते तेव्हा हीच घोडी मान खाली टाकून गाईसारखी चालते. चुलते म्हणतात, ‘तुझी मांड पक्की नाही, मांड्या आवळून बस, काटेरी लगाम घाल. तरी ऐकली नाही तर विकून टाक, जनावर खोडीचं आहे.’ काय करू?

उत्तर

दादा,

घोडी विकू नका, आणि काटेरी लगाम घरात आणूसुद्धा नका. ही दोन उत्तरं आधीच देऊन टाकतो. पत्र वाचताना मला तिची फार काळजी वाटली, आणि हे उत्तर तुमच्या हातात पडेपर्यंत कुणी तो लगाम तिच्या तोंडात घालू नये एवढीच इच्छा आहे. टोकदार कडीचे लगाम वापरायला आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे. ओढकाम आणि ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्रानं नियम केले, त्यातल्या आठव्या नियमात काटेरी कडी, टोचणी, खिळे लावलेला सरंजाम हे सगळं निषिद्ध आहे. बाजारात तो विकायला टांगलेला दिसतो म्हणून तो चालतो असं समजू नका.

तुम्ही ‘गंमत म्हणजे’ असं लिहून जे वाक्य घाईत संपवलंत, तेच मी चार वेळा वाचलं. मुलगी बसते तेव्हा घोडी मान खाली टाकते. घोडी तीच, बाग तीच, बसणारं माणूस वेगळं आणि खोगीर नाही, एवढाच फरक. जनावर खोडीचं असतं तर त्यानं त्या पोरीला पहिल्या दिवशीच खाली ठेवलं असतं.

मुलगी हलकी आहे, म्हणून तसं, असं तुमच्या मनात आलं असेल. तो हिशेब आधी मिटवू. घोड्यानं स्वार आणि खोगीर मिळून आपल्या वजनाच्या साधारण २० टक्क्यांपर्यंत भार न्यावा, असं जाणकार मानतात. २००८ साली अमेरिकेत ओहायो इथे आठ घोड्यांवर हे तपासलं गेलं होतं. १५ आणि २० टक्के भाराला घोडे ठीक राहिले, २५ आणि ३० टक्क्यांना मात्र त्यांच्या पाठीचे स्नायू नंतर दुखरे आणि ताठ झालेले आढळले. चंद्रीचे २० टक्के म्हणजे ६८ किलो. तुमचे ७२ आणि खोगिराचे आठ धरले तर ८० होतात, म्हणजे साडेतेवीस टक्के. भार जास्त आहे हे खरं. तुम्ही चार-पाच किलो उतरवलेत आणि खोगीर हलकं घेतलंत तर तिला बरंच वाटेल, आणि तोवर लांबच्या दुडक्या बंद ठेवा. अंदाजावर विसंबायचं नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, दोन्ही सेंटीमीटरमध्ये मोजा. घेराला घेरानं गुणा, मग लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा. किलोत वजन मिळतं. गाडीत चढायची सवय असेल तर कारखान्याच्या वजनकाट्यावर नेऊन पडताळूनही घेता येईल.

पण दोन वर्षांपूर्वीसुद्धा तुमचं वजन एवढंच असेल. पहिलं वर्ष छान गेलं असं तुम्हीच लिहिलंय. मग पडल्यानंतर काय बदललं? तुम्ही घाबरलात, आणि आता स्वतःला धरून बसता. तेही मांड्यांनी आणि लगामानं. चुलत्यांचा सल्ला ऐकून ते आणखी वाढलं असणार.

‘मांड पक्की’ हा शब्द आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आणि वाटेत कुठेतरी त्याचा अर्थ बदलला. मांड म्हणजे बैठक, बूड स्थिर टेकणं. लोकांनी ती मांडीशी जोडली आणि ‘आवळ’ असं सांगायला सुरुवात केली. कपड्याला लावायचा चिमटा एखाद्या गुळगुळीत गोल नळीवर दाबून बघा. जितका आवळाल तितका तो वर सरकून निसटतो. गुडघे आणि मांड्या आवळणाऱ्या स्वाराचं तेच होतं. बूड खोगिरापासून सुटतं, प्रत्येक पावलाला माणूस वर उडतो आणि धाडकन खाली बसतो. दुडकीच्या टप्प्यात पाठीवर येणारा स्वाराचा जोर क्षणभर त्याच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास जातो, तोही पाठीशी जमवून घेणारा स्वार असला तर. तालाबाहेर आदळणाऱ्याचा मार याहून वाईट.

तो मार कशावर बसतो ते बघा. घोड्याच्या छातीत बरगड्यांच्या १८ जोड्या असतात आणि खोगीर त्या बरगड्यांच्या भागातच बसायला हवं. शेवटच्या बरगडीच्या मागे कमरेच्या मणक्यांना खालून कसलाच आधार नाही, तिथे भार गेला की घोडा पाठ चोरणारच. त्याला गळ्याशी आपल्यासारखं हाडही नसतं. पुढचे दोन पाय नुसत्या स्नायूंनी धडाला जोडलेले असतात, झोळीत टांगल्यासारखं त्याचं धड त्या दोन पायांमध्ये लोंबतं. निसर्गानं ही पाठ खाली पोट धरून ठेवायला केली आहे, वर माणूस बसेल असं धरून नव्हे. पोटाचे स्नायू आत ओढून, मान पुढे-खाली लांबवून तो पाठ किंचित वर उचलतो, तेव्हाच त्याला भार सोसतो. पाठीवर माशी बसली तरी तो तेवढीच कातडी थरथरवून तिला उडवतो. तुमचं बूड कुठे जड पडलं, श्वास कुठे अडला, हे त्याला कळत नसेल असं कसं म्हणायचं?

चैत्रात शिंगणापूरला मुंगी घाटातून कावडी चढताना तुम्ही पाहिल्या असतील, आटपाडीहून शिंगणापूर काही लांब नाही. कावड जड असते, तरी खांदेकरी ती चढवतात. कुठे हाल होतात? सगळ्यांची पावलं एका तालात असतात तोवर खांदा सोसतो. एखाद्याचा तोल गेला आणि कावड हिसकली की त्याच वजनानं खांदा सोलून निघतो. चंद्रीच्या पाठीवर तुमचं वजन हे असं रोज हिसकतंय.

आता लगाम. माझ्या मते तिच्या मान फेकण्याचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. घोड्याच्या तोंडात पुढचे दात आणि मागच्या दाढा यांच्यामध्ये बोटं जातील एवढी मोकळी जागा असते. लगामाची कडी तिथे जिभेवर आणि उघड्या हिरडीवर टेकते. त्या हिरडीखाली लगेच हाड आहे, मध्ये पातळ कातडीशिवाय काही नाही. आपल्या नडगीवर टेबलाचा कोपरा लागला की काय होतं ते आठवा. ज्या स्वाराचा तोल बुडावर नाही तो हातात तोल शोधतो. उडाला की लगाम धरून सावरतो. प्रत्येक सावरणं म्हणजे त्या हाडावर एक हिसका. घोडी काय करणार? त्या कडीपासून तोंड सोडवायला मान वर फेकते. मान वर गेली की पाठ खाली खचते, खचलेल्या पाठीवर तुम्ही आणखी आदळता, आदळलात की आणखी लगाम धरता. तुमच्या मुलीच्या हातात यातलं काहीच नसतं. तिच्या बोटात लगाम सैल, पाय लोंबते, आणि पडायची भीती अजून शिवलेली नाही. ती नुसती बसलेली असते, आणि घोडीला तेवढंच हवं असतं.

(तिच्या डोक्यावर मात्र चांगलं बांधलेलं हेल्मेट पाहिजेच, आणि पायात टाचेचा बूट. घोडी कितीही गरीब असली तरी.)

मी हे पुस्तकातून सांगत नाही. विशीत मीही मांड्या आवळूनच बसायचो आणि त्याचा मला अभिमान होता. त्या काळात माझ्या हातानं एका टट्टूच्या तोंडाचे दोन्ही कोपरे फाटले. ते लाल कोपरे अजून डोळ्यांसमोर येतात. पुढे मिरजेत एका वयस्कर उस्तादांकडे गेलो. त्यांनी मला एका शांत घोडीवर बसवलं, तिला लांब दोरी लावली, रिकिबी काढून ठेवल्या आणि लगाम स्वतःच्या खुंटीला टांगला. सहा आठवडे लगाम हातात दिला नाही. मला तो अपमान वाटला होता. व्हिएन्नातल्या चारशेहून अधिक वर्षं जुन्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्येही नवा स्वार बराच काळ असाच दोरीवर, रिकीब-लगामाशिवाय फिरवला जातो, हे मला कितीतरी वर्षांनी समजलं. तोपर्यंत उस्ताद गेले होते, त्यांना सांगायचं राहून गेलं.

तुम्हीही तेच करा. पण त्याआधी दोन आठवडे तिला पूर्ण विश्रांती द्या. पाठीवर कुणी बसायचं नाही, मुलगीसुद्धा नाही. रोज खरारा करा, हातात धरून बागेत चालवा, चढावर न्या. खरारा करताना मणक्याच्या दोन्ही बाजूंना चार बोटांनी मानेच्या मुळापासून कमरेपर्यंत सावकाश दाबत जा. जिथे ती दचकते, खाली वाकते किंवा तिथले स्नायू दगडासारखे लागतात, ती जागा लक्षात ठेवा. आठवड्यानं तीच जागा पुन्हा दाबा. दुखणं कमी होत नसेल तर डॉक्टरांना पुन्हा बोलवा, आणि या वेळी ‘पाठ बघा’ असं स्पष्ट सांगा. दात आणि पाय बघून झालेत, पाठीचं तुम्ही काही लिहिलेलं नाही.

याच दिवसांत खोगीर तपासा. ते खांद्यांमधल्या उंचवट्याला टेकता कामा नये, आणि मणक्यावरून आरपार उजेड दिसेल अशी पोकळी पुढून मागेपर्यंत हवी. पुढे परत बसायला लागाल तेव्हा घामाचे डाग वाचायला शिका. पाठ घामानं ओली आणि मध्येच एखादा कोरडा पट्टा दिसला तर तिथे खोगीर रुततंय. खोगिराखाली केस पांढरे झाले असतील तर ते रुतणं जुनं आहे. खोगीर तिचं स्वतःचं हवं. दुसऱ्या घोड्याचं, ‘बसतंय की’ म्हणून घातलेलं असेल तर मी लिहिलेलं बाकी सगळं फुकट जाईल.

डावीकडे न वळण्याचं कारण तुम्हाला न पाहता मी सांगू शकत नाही, पण कुठे बघायचं ते सांगतो. कुणाला तरी मागून मोबाइलवर व्हिडिओ काढायला लावा. तुमचा पट्टा आडवा सरळ आहे का? तुमचा मणका तिच्या मणक्यावर आहे, की एका बाजूला सरकलाय? दोन्ही रिकिबींची लांबी टेपनं मोजा, नुसतं बघून नको. रोजच्या चपलांचे तळवेही उलटे करून पाहा, एक जास्त झिजलेला असेल तर चालतानाही तुम्ही एका बाजूला भार टाकता आणि खोगिरातही तेच होणार. पडताना कंबर किंवा खांदा एका बाजूला दुखावला असेल तर शरीर अजून ती बाजू चोरत असेल.

चढण्याची पद्धतही बदला. जमिनीवरून रिकिबीत पाय टाकून, खोगीर ओढत चढलात की ८० किलोपैकी बहुतेक भार क्षणभर तिच्या डाव्या बाजूला लटकतो, खोगीर वळतं आणि मणका पिरगळतो. रोज एकाच बाजूनं. ती पुढे सरकते ती यासाठीच असणार. ओट्यावरून किंवा पायरीवरून चढा, आणि खोगिरात हळू टेका, पोतं टाकल्यासारखं नको. तंगसुद्धा एका दमात आवळू नका. आधी सैल, दोन मिनिटं चालवून थोडा, मग शेवटचा.

विश्रांती संपली की कुणी अनुभवी माणूस लांब दोरी धरणारा शोधा. तुमच्या भागात यात्रेच्या घोड्यांवर वाढलेली जुनी माणसं अजून आहेत, पण जो हातात चाबूक घेऊन येईल त्याला परत पाठवा. पहिले तीन आठवडे फक्त चाल. रिकिबी काढलेल्या, हात मांडीवर. बैठकीची दोन हाडं असतात, खुर्चीवर तळहातांवर बसून पाहा, बोटांना लागतील. त्या दोन्हींवर सारखं बसायचं. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत यायला हवी. खुर्चीत बसल्यासारखे पाय पुढे गेले की तुम्ही तिच्या कमरेवर मागे कोसळता. घोडी खालून निघून गेली तर तुम्ही तुमच्या पायांवर उभे राहाल असं शरीर ठेवा. नजर तिच्या कानांमधून पुढे. डोकं पाचेक किलोचं असतं, ते खाली घातलंत की सगळा तोल पुढे जातो. चालताना तिचं पोट डावीकडे-उजवीकडे हलतं, तुमची कंबर त्याच्याबरोबर हलू द्या. ती थांबवायला जाऊ नका.

आणि श्वास सोडा. भ्यालेला माणूस श्वास धरतो, श्वास धरला की पाठ लाकूड होते. मोठ्यानं बोला, तिच्याशी बोला, अभंग म्हणा. गाणाऱ्या माणसाला श्वास धरता येत नाही.

त्यानंतरच दुडकी, आणि तीही उठबस करत. दुडकीचे दोन ठोके असतात, एका बाजूचा पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा पाय जोडीनं पडतात. एका ठोक्याला उठायचं, दुसऱ्याला अलगद टेकायचं. उडी मारायची नाही, तिच्या पाठीचा उठाव तुम्हाला उचलतो तेवढंच. दिशा बदलली की एक ठोका जास्त बसून जोडी बदलायची, नाहीतर तुम्ही रोज एकाच जोडीवर टेकत राहता आणि ती एका बाजूनं दुखावते. बैठी दुडकी या वर्षी नकोच. सुरुवातीला दोन मिनिटं, मग चाल, पुन्हा दोन मिनिटं. तोल गेला तर लगाम न धरता खोगिराच्या पुढच्या कडेला हात घाला. तिथे एक पट्टा बांधूनच ठेवा, भीती वाटली की तो धरा. त्यात कमीपणा कसला? तुमच्या पडण्याची किंमत तिच्या तोंडानं देऊ नये, एवढंच.

एक गोष्ट आवर्जून पाहायला सांगतो. आषाढीच्या वारीत लोणंदहून तरडगावच्या वाटेवर चांदोबाच्या लिंबाला माउलींच्या पालखीचं पहिलं उभं रिंगण होतं. दोन अश्व धावतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसरा माउलींचा, त्यावर माणूस बसत नाही. मी दर वर्षी हात जोडतो आणि मग माउलींच्या अश्वाची पाठ बघत राहतो. मान लांब, पाठ मानेपासून शेपटीपर्यंत मोकळी, प्रत्येक झेपेबरोबर वर येणारी. पाठीवर कुणी नसताना घोडा असा चालतो. आपल्याला त्याच्यावर बसायचंय, तर त्यातलं जेवढं त्याच्याकडे राहू देता येईल तेवढं राहू द्यायचं. या वर्षी मुलीलाही घेऊन जा, आणि घरी आल्यावर चंद्री मोकळी पळताना कशी दिसते तेही दोघं मिळून बघा.

चुलत्यांशी भांडू नका. त्यांनी जे ऐकलं ते ते सांगतात, आणि ‘मांड पक्की हवी’ हे त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. त्यांना व्हिडिओ दाखवा, पहिला आणि दोन महिन्यांनंतरचा.

सुधारणा आधी दुडकीत दिसणार नाही. ती तंग बांधताना दिसेल. रोज खोगीर घेऊन गेलात की तिचे कान कुठे आहेत ते वहीत लिहा: मागे चिकटलेले, बाजूला पडलेले, की तुमच्याकडे वळलेले. दोन महिन्यांची ती वही मला पाठवा, सोबत मागून काढलेला व्हिडिओही. पुढचं त्यावरून ठरवू.